व्हिडिओ मिक्सिंगला 'एआय'चा मुनीम : काय सोपवावे, काय राखावे

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर किंवा अक्कलकुवा, जिल्ह्यातील कुठल्याही बाजारपेठेत गेलात तर फोटो स्टुडिओच्या पाटीवर 'व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग' ही ओळ दिसते. या धंद्यात आपल्या समाजातील तरुणही आहेत. कोणी स्वतः कॅमेरा घेऊन लग्नाला जातो, कोणी घरात कॉम्प्युटर लावून दुसऱ्यांनी काढलेली लग्ने मिक्स करून देतो. या मंडळींत अलीकडे एक चर्चा चालू आहे. कोणी म्हणतो, आता कॉम्प्युटरला नुसते सांगायचे आणि लग्न आपोआप मिक्स होऊन बाहेर पडते. कोणी म्हणतो, मग आपला धंदा बसलाच समजा. दोन्ही बोलणी अर्धवट माहितीवर चालली आहेत. म्हणून आम्ही या वेळी हाच विषय घेतला आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक, ज्याला सगळे 'एआय' म्हणतात, तो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडता येतो म्हणजे नेमके काय होते, आणि आपल्या कारागिराने त्याच्या हाती काय द्यावे व काय देऊ नये.

प्रथम थोडे मागचे पाहू. धुळ्याच्या पुढे मालेगाव आहे. तेथे नासिर शेख यांनी सन २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. हे गृहस्थ मूळचे व्हिडिओ पार्लर चालवणारे. व्हीसीआरला व्हीसीआर जोडून एडिटिंग कसे करायचे, हे ते स्वतःच शिकले. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा, आणि तो सरकवायला सायकल. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' काढताना मागे हिरवा कपडा लावून यंत्रमागावर काम करणाऱ्या एका साध्या माणसाला त्यांनी आकाशात उडवले. त्या उद्योगावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात लागला. मालेगावची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की ज्यांनी दोन व्हीसीआरवर काम केले आहे त्यांना एडिटिंगमधली मजुरी म्हणजे काय ते ठाऊक आहे. एका मशीनवर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, बोट पॉजवर. मधला एक शॉट चुकला तर त्याच्या पुढचे सगळे पुन्हा. कॉपीवर कॉपी काढली की चित्र फिके पडत जाई.

कॉम्प्युटर आला आणि ही मजुरी संपली. कुठलाही शॉट कुठेही उचलून ठेवता येऊ लागला. पण तिच्या जागी दुसरी मजुरी आली. पूर्वी तीन तासांच्या लग्नाच्या दोन कॅसेट होत; आता मेमरी कार्डावर तीन-चारशे क्लिपा येतात. त्या कॉपी करणे, वेगळ्या करणे, आवाज जुळवणे, नावे देणे, मग लांब फिल्म, छोटी हायलाइट, मोबाइलसाठी उभी रील असे चार प्रकार रेंडरला लावणे. यात हुनर फार थोडा, हमाली फार. एआयचा सहायक जोडण्याचा खरा उपयोग या हमालीसाठी आहे. एवढी एक गोष्ट वाचकांनी पक्की धरली तर पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

मागचा दरवाजा

एडिटिंगचे सॉफ्टवेअर आपण माउस आणि कीबोर्डने चालवतो. हा झाला दुकानाचा पुढचा दरवाजा. पण चांगल्या सॉफ्टवेअरला एक मागचा दरवाजाही असतो. त्यातून दुसरा एखादा प्रोग्राम लेखी हुकूम आत पाठवतो : अमुक प्रोजेक्ट उघड, अमुक नावाचे फोल्डर कर, या क्लिपा आत घे, टाइमलाइन बनव, येथे खूण लाव, रेंडरच्या रांगेत टाक. याला स्क्रिप्टिंग म्हणतात. ही सोय एआयच्या आधीपासूनची आहे. पण हुकूम पायथन किंवा लुआ अशा प्रोग्रामच्या भाषेत लिहावे लागत, म्हणून आपल्या मिक्सिंगवाल्यांनी तिच्याकडे कधी पाहिले नाही. पाहण्याचे कारणही नव्हते.

ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीचे 'डाविंची रिझॉल्व्ह' आज खेड्यापाड्यातही पोचले आहे, कारण त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. फुकट आवृत्तीत सॉफ्टवेअरच्या आतल्या मेनूतून स्क्रिप्ट चालते. बाहेरच्या प्रोग्रामने हुकूम द्यायचा दरवाजा मात्र 'स्टुडिओ' या विकतच्या आवृत्तीत आहे. तिची किंमत २९५ डॉलर, एकदाच भरायची, दरमहा नाही. अडोबीच्या 'प्रीमियर'मध्ये एक्स्टेंडस्क्रिप्ट नावाची जुनी सोय आहे आणि तिच्या जागी यूएक्सपी नावाची नवी सोय कंपनीने आणली आहे. 'ब्लेंडर' हे पूर्ण फुकट सॉफ्टवेअर थ्रीडीसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात साधे व्हिडिओ एडिटिंगही होते आणि ते सगळे पायथनने चालवता येते.

आपल्याकडील पुष्कळ जण 'एडियस'वर काम करतात. त्यांनी निराश व्हायचे कारण नाही. एडियसमध्ये ईडीएल नावाची यादी आत घेता येते. ईडीएल म्हणजे कोणत्या क्लिपचा कितव्या फ्रेमपासून कितव्या फ्रेमपर्यंतचा तुकडा कोणत्या क्रमाने लावायचा, याची साध्या अक्षरांतली चिठ्ठी. अमेरिकेतील सीएमएक्स कंपनीच्या मशीनसाठी १९७० च्या दशकात ही पद्धत निघाली आणि आजही चालते. ही फाइल साध्या मजकुराची असल्यामुळे एआय ती लिहून देऊ शकतो. सॉफ्टवेअरला हात न लावता अर्धे काम तेथेच होते. आमच्या मते सुरुवात करणाऱ्याला हीच वाट सर्वांत कमी धोक्याची आहे.

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय हे सहायक आपली मराठी समजतात. पण ते कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरशी थेट बोलू शकत नव्हते. त्यांच्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये दुभाषी हवा होता, आणि प्रत्येक सहायकासाठी, प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी तो वेगळा बनवावा लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या अमेरिकन कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', थोडक्यात एमसीपी, ही सर्वांना खुली पद्धत जाहीर केली. पुढे २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेही तीच स्वीकारली. भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटसारखे हे आहे. सॉकेटचे माप एकदा ठरले की पंखा कुणाचाही असो, त्यात बसतो. त्यानंतर रिझॉल्व्ह, प्रीमियर, ब्लेंडर यांच्यासाठी असे दुभाषी प्रोग्राम हौशी लोकांनीच लिहून फुकट वाटले. ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालतात. आपण मराठीत सांगायचे, सहायकाने त्याचा हुकूम बनवायचा, दुभाष्याने तो मागच्या दरवाजाने सॉफ्टवेअरला द्यायचा आणि काय झाले ते परत सांगायचे. यंत्रणा एवढीच आहे.

एका निकाहचे काम

समजा शहाद्याला एक निकाह झाला. दोन कॅमेरे, एक ड्रोन, निकाहच्या वेळी माइकला लावलेला वेगळा रेकॉर्डर. सगळ्या मिळून चारशे क्लिपा. मिक्सिंगवाला सहायकाला असे सांगू शकतो : "या फोल्डरमधल्या क्लिपा कॅमेऱ्याप्रमाणे तीन वेगळ्या बिनमध्ये ठेव. वेळेच्या क्रमाने लाव. रेकॉर्डरचा आवाज दोन्ही कॅमेऱ्यांशी जुळव. दोन सेकंदांहून छोट्या क्लिपा बाजूला काढ, पुसू नकोस. मग निकाह, दुआ, जेवण, रुखसती अशा चार टाइमलाइन कर." रिझॉल्व्हच्या मागच्या दरवाजाला यातले बहुतेक हुकूम समजतात. आवाज जुळवण्याचा हुकूम त्यात आहे. खुणा लावणे, रेंडरचे ठरलेले माप निवडणे, चार प्रकार रांगेत टाकून रात्री रेंडर चालू करणे, हेही आहे.

पण या सगळ्यात एक मेख आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. सहायक क्लिप पाहत नाही. त्याला दिसते ते फाइलचे नाव, लांबी, काढल्याची वेळ. एकशे सत्तेचाळीस नंबरच्या क्लिपमध्ये मुलीचा बाप डोळे पुसतो आहे की छताचा पंखा फिरतो आहे, हे त्याला माहीत नसते. मग 'निकाह कोठून सुरू झाला' हे त्याला कोण सांगणार? शूटिंगवाल्याने लिहून ठेवले असेल तरच कळेल. चार दहाला काझीसाहेब बसले, चार वीसला इजाब-कबूल, चार पंचवीसला दुआ, असे खिशातल्या वहीत लिहिले आणि कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असले, तर या दोन गोष्टींवरून सहायक अचूक जागी खूण लावतो. घड्याळ चुकले तर दुआ निकाहच्या आधी येईल, आणि ती फार विश्वासाने आधी लावली जाईल. म्हणून आमची पहिली सूचना कॉम्प्युटरबद्दल नाहीच. शूटिंगला निघण्यापूर्वी सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे मोबाइलच्या वेळेशी जुळवा, प्रत्येक कार्डाचे फोल्डर वेगळे ठेवा (दोन कॅमेरे एकाच कंपनीचे असले की फाइलची नावेही एकसारखी निघतात), आणि वही ठेवा. ज्याच्याकडे वही नाही त्याने स्टुडिओ आवृत्ती घेऊन पैसे घालवू नयेत.

दुसरी मेख कात्रीची. रिझॉल्व्हचा मागचा दरवाजा टाइमलाइनवर लागलेल्या क्लिपला मधेच कापू देत नाही, एका शॉटमधून दुसऱ्यात विरघळत जाण्याचा इफेक्टही लावू देत नाही. 'अमुक फ्रेमपासून अमुक फ्रेमपर्यंतचा तुकडा पुढे लाव' एवढे चालते. रंगाचे तसेच : आधी तयार करून ठेवलेला रंगाचा साचा सगळ्या क्लिपांना लावता येतो, पण हॉलच्या पिवळ्या दिव्यात दुल्ह्याचा चेहरा कसा ठेवायचा, ते आपल्यालाच बसून करावे लागते. म्हणजे भिंत बांधायला विटा रचून मिळतात, गिलावा आपला.

संगीताची गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. आपल्यातील अनेक घराण्यांना लग्नाच्या फिल्मला वाद्याचे संगीत नको असते. कोणाला फक्त नात, कोणाला दफ, कोणाला मूळ आवाजच हवा असतो. सहायक जगभरच्या लग्नांची वर्णने वाचून शिकला आहे. त्याला सांगितले नाही तर हायलाइट म्हटले की तो संगीताची पट्टी गृहीत धरतो. ग्राहकाची अट पहिल्या वाक्यातच लिहून द्यावी आणि तीच वाक्ये जपून ठेवून प्रत्येक लग्नाला वापरावीत.

आता भाषेचे. बोललेले शब्द अक्षरांत उतरवण्यासाठी ओपनएआयने २०२२ मध्ये 'व्हिस्पर' नावाचा प्रोग्राम खुला केला. तो इंटरनेटशिवाय आपल्याच कॉम्प्युटरवर चालतो आणि त्याच्या यादीत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती आहेत. अहिराणी नाही, भिली नाही, पावरी नाही. आपल्या जिल्ह्यातील निम्मी गंमत ज्या बोलींत आहे त्याच नाहीत; अहिराणी गाणे किंवा विनोदी व्हिडिओ करणाऱ्याला पट्टी हातानेच लिहावी लागेल. निकाहच्या वेळी तर अरबी खुतबा, उर्दू बोलणे आणि मधेच मराठीत पाहुण्यांच्या सूचना अशी सरमिसळ असते, आणि तेथे हा प्रोग्राम गोंधळतो. आमचे स्पष्ट मत आहे की कुरआनच्या आयती व खुतबा यांचे शब्द मशीनने लिहिलेले पडद्यावर कधीही लावू नयेत. एक अक्षर बदलले तरी अर्थ बदलतो. लावायचेच असतील तर जाणकार आलिमांना दाखवून मगच लावावेत.

लग्नापेक्षा या जोडणीचा जास्त फायदा खरे तर दुसऱ्याच कामात आहे, आणि येथे व्यापारी वाचकांनी लक्ष द्यावे. ज्या कामात साचा एकच आणि माल वेगळा, तेथे हा मुनीम खरा कामाचा. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. समजा एखाद्या व्यापाऱ्याकडे चाळीस जनावरे आहेत. प्रत्येकाची अर्ध्या मिनिटाची उभी रील, वर नाव, वय, चाल, रंग आणि फोन नंबर, अशी चाळीस रीळे हाताने करायची म्हटले तर कारागीर कंटाळून जाईल. वहीतली यादी एक्सेलमध्ये घालून दिली, क्लिपला जनावराचा नंबर दिला आणि पहिली रील नीट करून दाखवली, तर उरलेल्या एकोणचाळीसांची जुळणी हुकमावर होते. मिरचीच्या पथारीवरून माल दाखवणारा, फर्निचरवाला, कापडवाला, प्रत्येकाचे काम याच जातीचे. मात्र यादीत वय चुकीचे लिहिले तर ते पडद्यावरही चुकीचेच छापले जाईल, आणि घोड्याचा ऐब झाकणारा शॉट निवडला तर त्याची जबाबदारी मुनिमावर टाकता येणार नाही.

अमानतीचा प्रश्न

लग्नाचे शूटिंग ही परक्या घरची अमानत आहे. त्यात बायका-मुली आहेत, दागिने आहेत, पाहुण्यांचे बोलणे आहे. मग हे सगळे सहायकाबरोबर अमेरिकेत जाते की काय, हा प्रश्न प्रत्येक बापाने विचारला पाहिजे आणि प्रत्येक मिक्सिंगवाल्याला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

उत्तर असे आहे. आपण वर सांगितलेल्या पद्धतीत व्हिडिओ आपल्या हार्ड डिस्कवरच राहतो. बाहेर जातात ती अक्षरे : आपली सूचना, फाइलची नावे, फोल्डरची नावे, वेळा, खुणांवर लिहिलेला मजकूर. म्हणजे फोल्डरला मुलीचे पूर्ण नाव आणि गाव दिले असेल तर ते बाहेर गेले. त्याऐवजी नंबर द्यावा आणि नंबर कोणाचा, ते आपल्या वहीत ठेवावे. एवढ्याने भागत नाही. काही दुभाषी प्रोग्राममध्ये टाइमलाइनवरचे चित्र काढून सहायकाला दाखवण्याचीही सोय असते, कारण 'पाहून सांग' म्हटल्यावर त्याला काहीतरी दाखवावेच लागते. त्या क्षणी चेहरा बाहेर गेला. प्रोग्राम जोडताना त्यात कोणकोणती कामे आहेत याची यादी दिसते. ती वाचावी आणि चित्र पाठवणारे काम बंद ठेवावे. सहायक हुकूम देण्यापूर्वी परवानगी मागतो. तेथे 'नेहमीसाठी परवानगी' न देता दर वेळी वाचून द्यावी. कंटाळा येतो हे खरे आहे.

जनानखान्याच्या शूटिंगबाबत आम्ही याहून कडक बोलू. ते कार्ड वेगळे, फोल्डर वेगळे, आणि सहायकाला ज्या फोल्डरची वाट दाखवली आहे त्याच्या बाहेर. शक्य असेल तर वेगळ्या हार्ड डिस्कवर, जी त्या वेळी जोडलेलीच नसावी. ते काम पूर्वीसारखे हातानेच व्हावे, आणि घरातील किंवा ओळखीतील एखादी मुलगी हे काम शिकली असेल तर तिच्याकडूनच व्हावे. अशा मुलींना या निमित्ताने घरबसल्या चांगला रोजगार आहे, याचाही विचार पालकांनी करावा.

देशातील पहिले आधार कार्ड २०१० च्या सप्टेंबरात आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिले गेले. चेहरा आणि बोटाचा ठसा हीसुद्धा साठवण्याची माहिती आहे, हे आपल्या जिल्ह्याला देशाच्या आधी कळले म्हणायचे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. कायद्याची वाट न पाहता ऑर्डरच्या पावतीवर दोन ओळी छापून घ्याव्यात : चित्रीकरण एआय कंपनीकडे पाठवले जाणार नाही, आणि काम दिल्यानंतर अमुक दिवसांनी आमच्याकडील प्रत पुसली जाईल. ज्या स्टुडिओच्या पावतीवर ही ओळ असेल त्याला चार लग्ने जास्त मिळतील, असा आमचा अंदाज आहे.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. मागच्या दरवाजाने आलेला हुकूम जसा जोडतो तसा मोडतोही. 'फालतू क्लिपा काढ' या वाक्याचा अर्थ यादीतून काढणे असाही होतो आणि डिस्कवरून पुसणे असाही. ब्लेंडरसाठीच्या दुभाष्यात सहायकाने लिहिलेला कुठलाही पायथन कोड चालवण्याची सोय आहे; आधी काम सेव्ह करून ठेवा, असा इशारा तो बनवणाऱ्यांनीच दिला आहे. कार्डावरचा मूळ माल एका डिस्कवर कॉपी करून ती डिस्क काढून ठेवायची, आणि सहायकाला दुसऱ्या कॉपीवरच बसवायचे. रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टम, मग जनरल येथे बाहेरच्या स्क्रिप्टिंगची निवड आहे : बंद, लोकल, नेटवर्क. ती 'लोकल'वर ठेवावी, 'नेटवर्क'वर नको. काम संपले की बंद करावी.

मजुरी कोणाची, किती

आता पोटाचा प्रश्न. आपल्याकडे स्टुडिओवाला शूटिंग घेतो आणि मिक्सिंग दुसऱ्याला एका लग्नामागे ठरलेल्या रकमेवर देतो. उद्या स्टुडिओवाला म्हणेल, 'तुझे काम तर मशीन करते, रक्कम कमी कर.' काही जण आताच म्हणू लागले असतील. यावर रागावून उपयोग नाही, हिशेब मांडला पाहिजे.

उजरतीचा आपला जुना नियम आहे की काम आणि मोबदला दोन्ही आधी ठरलेले असावेत. आजवर 'एक लग्न' हेच काम मानले गेले, त्यात काय काय येते ते कोणी बोलले नाही. आता ते मोडून सांगावे. क्लिपा वेगळ्या करणे, आवाज जुळवणे, रेंडर, चार मापांत प्रती, ही हमाली. तिचा दर उतरणार, हे मान्य करावे लागेल. शॉट निवडणे, रंग, कोणता पाहुणा महत्त्वाचा हे ओळखणे, ग्राहकाच्या घरची रीत सांभाळणे, जनानखान्याचे काम, ही कारागिरी. तिचा दर स्वतंत्र लिहावा आणि तो उतरवू नये. सहायकाची दरमहा वर्गणी, स्टुडिओ आवृत्तीचा खर्च आणि वीज हेही हिशेबात धरावेत, नाहीतर वाचलेला वेळ वर्गणीतच जाईल. महिन्याला दोन लग्ने करणाऱ्याला ही जोडणी परवडत नाही. लग्नसराईत एका वेळी आठ-दहा कामे अंगावर घेणाऱ्याला परवडते. तिघा-चौघांनी मिळून एक कॉम्प्युटर उभा केला तर मधल्यांनाही परवडेल, पण मग अमानतीची जबाबदारी कोणावर, ते भागीदारीच्या कागदावर लिहावे.

धडगाव, मोलगीकडच्या पहाडी पट्टीत काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. सहायक इंटरनेटवर चालतो. अक्षरेच जात-येत असल्यामुळे त्याला जोरदार नेट लागत नाही, मोबाइलचे साधे नेट पुरते. पण नेट मधेच तुटले तर अर्धवट काम तसेच राहते. तेथे फुकटचा 'एफएफएमपेग' जास्त कामाचा. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी सन २००० मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम नेटशिवाय चालतो, आणि शेकडो क्लिपा एका हुकमाने छोट्या करणे, आवाज वेगळा काढणे, तुकडे जोडणे अशी कामे करतो. त्याचा हुकूम किचकट असतो एवढेच. तो नंदुरबारला नेटवर असताना सहायकाकडून मराठीत विचारून लिहून घ्यावा, एका क्लिपवर चालवून पाहावा आणि वहीत उतरवून ठेवावा. पुढे सहायक लागत नाही.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी चालू लग्नावर हात घालू नये. मागच्या वर्षीचे, देऊन झालेले, घरातल्याच एखाद्या कार्यक्रमाचे काम घ्यावे. त्याची वेगळी कॉपी करावी, एडियसवाल्याने ईडीएलपासून आणि रिझॉल्व्हवाल्याने फुकट आवृत्तीतल्या आतल्या स्क्रिप्टपासून सुरुवात करावी. सहायकाकडून स्क्रिप्ट लिहून घ्यायची, ती काय करणार आहे हे त्यालाच मराठीत ओळीओळीने विचारायचे आणि मग मेनूतून चालवायची. हाताने किती वेळ लागला होता आणि आता किती लागला, मधली दुरुस्तीची वेळ धरून, ते कागदावर लिहावे. तीन कामांची अशी नोंद हाती आल्यावर स्टुडिओ आवृत्तीचे २९५ डॉलर भरायचे की नाही ते ठरवावे.